पिढ्या, पॉप गाणी आणि नाच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाच शिकवताना माझ्यासमोर शाळकरी मुलंही असतात आणि सत्तरी गाठलेली माणसंही. दोन्हीकडचे प्रश्न बहुतेक वेळा एकमेकांबद्दलचे असतात. "ह्या गोंगाटात ह्यांना काय सापडतं?" असं एक जण विचारतो, तर "एवढ्या संथ गाण्यावर नाचायचं तरी काय?" असं दुसरा. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: दोन पिढ्यांची तुलना आवडीनिवडीवरून करू नका. त्या पिढीला गाणं कशावर ऐकायला मिळत होतं आणि नाचायला केवढी जागा होती, ते आधी बघा. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

जुनी गाणी आजच्यापेक्षा खरंच सरस होती का?

जी आज आठवतात, ती सरस होतीच. बाकीची काळानं गाळली, त्यामुळे ती तुलनेला येतच नाहीत. अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' मासिकाची 'हॉट १००' ही यादी ४ ऑगस्ट १९५८ पासून निघते. तिथला जुन्यातला जुना कुठलाही आठवडा काढा आणि शंभरच्या शंभर गाणी नेटानं ऐका. थोडी ओळखीची निघतील, काही छान असूनही मागे पडलेली सापडतील आणि बरीचशी त्या हंगामात गाजलेल्या दुसऱ्या कुणाची तरी नक्कल असतील. आजच्या यादीतही हेच आहे. फरक एवढाच की आजची गाळणी अजून व्हायची आहे. साठ वर्षांतली निवडक पन्नास गाणी एका पारड्यात आणि गेल्या महिन्याची सगळी गाणी दुसऱ्या पारड्यात, असा तराजू धरला की निकाल आधीच ठरलेला असतो.

मग सोळाव्या वर्षी ऐकलेलं गाणंच एवढं जवळचं का वाटतं?

कारण त्या वयातल्या आठवणी पक्क्या बसतात. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या गोष्टी माणसाला उतारवयातही जास्त स्पष्ट आठवतात, असं स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार दिसलं आहे. गाण्यांच्या बाबतीत हे फारच ठळक आहे. पहिली मैत्री, पहिलं प्रेम, घराबाहेर पडणं, सगळं त्याच वर्षांत घडतं आणि प्रत्येक प्रसंगाला कुठलं तरी गाणं चिकटून बसतं.

ह्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रमहान्सल ह्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विशीतल्या मुलामुलींना त्यांनी आधीच्या अनेक दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली. मुलांचा जीव स्वतःच्या काळातल्या गाण्यांवर होता, हे अपेक्षितच. पण त्यांचे आईवडील तरुण असतानाची गाणीही त्यांना ओळखीची आणि भावलेली निघाली. त्याही मागे, १९६० च्या दशकातल्या गाण्यांपाशी तसाच एक उंचवटा होता. घरात वाजलेलं मुलांच्या कानात राहतं, मग त्या वेळी ती तोंड वेंगाडून खोलीबाहेर गेलेली का असेनात. "आमचं कुणी ऐकत नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाला मी हा अभ्यास सांगते.

हल्लीची सगळी गाणी सारखीच वाटतात. हे खरं की वयाचा परिणाम?

थोडं खरं, थोडं वयाचं. ह्यावर दोन मोठे अभ्यास झाले आणि दोघांचे निष्कर्ष जुळत नाहीत, म्हणून दोन्ही माहीत असावेत.

२०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी १९५५ ते २०१० ह्या काळातली ४ लाख ६४ हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणं संगणकानं तपासली. त्यांना तीन गोष्टी दिसल्या: एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाण्याचे मार्ग कमी झाले आहेत, आवाजांच्या पोतातली विविधता घटली आहे आणि मुद्रणातल्या आवाजाची पातळी चढत गेली आहे. वर्तमानपत्रांनी ह्याचा मथळा करायचा तोच केला.

२०१५ मध्ये लंडनमधल्या चमूनं १९६० ते २०१० मधल्या 'हॉट १००' यादीतल्या सुमारे १७ हजार गाण्यांवर काम केलं. संगीत सतत एकसुरी होत चाललं आहे, ह्याला त्यांना पुरावा मिळाला नाही. विविधता सर्वांत कमी होती ती १९८६ च्या आसपास. ड्रम मशीन आणि सिंथेसायझरचा तो भर होता आणि सगळ्यांच्या हाती तीच यंत्रं होती. पुढे विविधता परत वाढली. संगीताचा चेहरा झपाट्यानं बदलला अशी तीन वर्षं त्यांनी काढली: १९६४, १९८३ आणि १९९१. ह्यांतला सर्वांत मोठा बदल १९९१ चा, म्हणजे रॅप आणि हिप-हॉप मुख्य प्रवाहात शिरल्याचा. रॉकवर वाढलेल्या माणसाला हे पचवणं कठीण जातं, पण आकडे तसेच आहेत.

वयाचा भाग असा, की नवी शैली कानाला लांबून ऐकू येते. आपल्या शैलीतले बारकावे आपण पकडतो, परक्या शैलीत फक्त ठेका ऐकू येतो. ठेकाच ऐकला तर सगळं सारखं वाटणारच. नातवाला जॅझची दोन गाणी सारखी वाटतात आणि आजोबांना रॅपची, ह्याचं कारण एकच आहे.

गाणी इतकी छोटी का झाली?

आधीही छोटीच होती. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. गाणं त्यात बसवावंच लागे. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची छोटी. रेडिओ आणि ज्यूकबॉक्सला ही छोटीच सोयीची पडली, म्हणून तीन मिनिटांचा साचा टिकला. डिस्कोच्या काळात बारा इंची सिंगल आली आणि एकच गाणं सात-आठ मिनिटं वाजू लागलं, कारण नाचायच्या जमिनीवरच्या लोकांना थांबायचं नव्हतं.

आज स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं की ते एकदा वाजलं असं धरतात. मग पहिल्या तीस सेकंदांत ऐकणाऱ्याला धरून ठेवणं भाग पडतं. १९८६ ते २०१५ मधली अमेरिकेतली पहिल्या दहांतली गाणी तपासणाऱ्या एका अभ्यासात दिसलं, की गायन सुरू होण्याआधीचा वाद्यांचा तुकडा सरासरी वीस सेकंदांहून अधिक होता, तो पाचेक सेकंदांवर आला. नाचणाऱ्याचं ह्यात नुकसान आहे. तो सुरुवातीचा तुकडा म्हणजे जोडीदाराकडे बघायची, जागा घ्यायची आणि लय अंगात भिनू द्यायची वेळ असायची.

आजच्या गायकांना यंत्र सुरात आणतं. पूर्वीचे खरे गायक होते, नाही का?

ऑटो-ट्यून १९९७ मध्ये बाजारात आलं. तेल कंपन्यांसाठी जमिनीखालच्या ध्वनिलहरींचं विश्लेषण करणाऱ्या अँडी हिल्डब्रँड ह्यांनी ते बनवलं. पुढच्याच वर्षी गायिका शेर हिच्या 'बिलीव्ह' गाण्यात ते मुद्दाम ऐकू येईल असं वापरलं गेलं आणि मग तो आवाजच एक शैली झाला.

पण मागे जा. १९२५ च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोननं मुद्रण सुरू झालं. त्याआधी भोंग्यासमोर जोर लावून गावं लागे. बिंग क्रॉसबीसारखे गायक मायक्रोफोनपाशी हळुवार, कानात बोलल्यासारखं गाऊ लागले, तेव्हा त्यांनाही "हे कसलं गाणं, ह्यांना आवाजच नाही" असं ऐकून घ्यावं लागलं. आज तोच हळुवार आवाज जुन्या, खऱ्या गायकीचा नमुना म्हणून सांगितला जातो. बेसूर गायक यंत्रानं चांगला गायक होत नाही, हे मला मान्य आहे. पण यंत्र वापरलं म्हणून गायक खोटा ठरत असेल, तर १९२५ नंतरचे जवळजवळ सगळेच खोटे ठरतील.

पूर्वीचे नाच सभ्य होते, आताचे अंगविक्षेप. असं का?

पूर्वीचे नाच त्यांच्या काळात सभ्य मानले जात नव्हते. १८१६ च्या जुलैत लंडनच्या 'टाइम्स'नं वॉल्ट्झवर कडक टीका केली होती. स्त्रीपुरुषांनी एकमेकांना असं जवळ धरून गोल फिरणं म्हणजे असभ्य परदेशी खूळ, असा सूर होता. आज तो नाच लग्नसमारंभात वडीलधाऱ्यांसमोर करतात. टँगो १९१३ च्या सुमारास पॅरिसला वेड लावून गेला, तेव्हा जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म ह्यानं गणवेशातल्या अधिकाऱ्यांना तो नाचायला बंदी केली. २००९ मध्ये युनेस्कोनं त्याच टँगोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ६ जानेवारी १९५७ ला अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या एड सलिव्हनच्या कार्यक्रमात रॉक गायक एल्व्हिस प्रेस्लीला कॅमेऱ्यानं फक्त कमरेच्या वर दाखवलं, कारण त्याचं कंबर हलवणं लोकांना असभ्य वाटे.

ह्याचा अर्थ आजचं सगळंच चांगलं आहे असा मी लावत नाही. लहान मुलांना मोठ्यांचे हावभाव करायला लावणारे नाच मी शिकवत नाही, आणि पालकांनी आग्रह धरला तरी शिकवणार नाही. तिथे प्रश्न पिढीचा नसून मुलांचा आहे.

जोडीनं नाचणं मागे पडलं ते कधी?

एका रात्रीत नाही, पण एक वर्ष सांगायचंच तर १९६०.

त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षं सार्वजनिक ठिकाणी नाचायचं म्हणजे बहुतेक वेळा जोडीदार हवाच. वॉल्ट्झ, पोल्का, टँगो, फॉक्सट्रॉट, सगळे हात धरून. १९२० च्या दशकातला चार्ल्सटन एकट्यालाही जमत होता, तरी तोही जोडीत नाचला जाई. मग हँक बॅलर्ड ह्या कृष्णवर्णीय गायकानं 'द ट्विस्ट' हे गाणं लिहिलं आणि आपल्या गटाबरोबर गायलं. १९६० मध्ये चबी चेकर ह्या दुसऱ्या गायकानं ते पुन्हा म्हटलं. दूरचित्रवाणीवर ते नाचासकट दिसलं आणि देशभरची मुलं आरशासमोर उभी राहिली.

ट्विस्ट इतका पसरला, कारण तो शिकायला क्लास लागत नाही. पाय खांद्याइतके फाकवा, वजन दोन्ही चवड्यांवर घ्या. गुडघे सैल ठेवा. आता दोन्ही टोकं धरून पंचानं पाठ पुसताना हात जसे हलतात तसे हलवा आणि कंबर हातांच्या उलट दिशेला जाऊ द्या. टाचा आपोआप डावी-उजवी करतील. झाला ट्विस्ट. समोर कुणी असलं तरी चालतं, नसलं तरी चालतं. कोण कुणाला घेऊन जातंय, पुढचं पाऊल कुणी ठरवायचं, हा प्रश्नच संपला. मुलीला कुणी येऊन विचारेपर्यंत भिंतीपाशी थांबायची गरज राहिली नाही. माझ्या मते विसाव्या शतकातल्या नाचातला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि पावलं सोपी असल्यामुळे त्याचं मोठेपण लोकांच्या लक्षात येत नाही.

आणखी एक गंमत. सप्टेंबर १९६० मध्ये हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं ते मुलांमुळे. मग १९६१ मध्ये न्यू यॉर्कच्या पेपरमिंट लाउंज नावाच्या छोट्या क्लबमध्ये श्रीमंत आणि नामवंत प्रौढ मंडळी ट्विस्ट नाचायला येऊ लागली, आणि जानेवारी १९६२ मध्ये तेच गाणं दुसऱ्यांदा पहिल्या क्रमांकावर पोचलं. मुलांचा नाच आईवडिलांनी उचलला होता. मुलं तोवर पुढच्या नाचाकडे वळली होती.

गमावलं काय, तेही सांगायला हवं. जोडीच्या नाचात दुसऱ्या माणसाचं वजन, त्याचा श्वास, त्याची पुढची चाल हातातून वाचता यावी लागते. ते कौशल्य एकदोन पिढ्यांत सामान्य लोकांकडून गेलं. आता ते पैसे देऊन शिकावं लागतं.

स्विंगच्या काळात असं काय होतं, की आजची मुलं ते पुन्हा शिकतायत?

न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात १९२६ मध्ये सॅव्हॉय बॉलरूम उघडलं. रस्त्याचा जवळजवळ एक अख्खा ब्लॉक व्यापेल एवढी लांब नाचायची जमीन आणि दोन वाद्यवृंदांसाठी दोन मंच. एक थांबला की दुसरा सुरू, त्यामुळे संगीत तुटत नसे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी काळ्या आणि गोऱ्या लोकांना एकत्र नाचायला मनाई असताना सॅव्हॉयच्या जमिनीवर दोघेही होते. तिथे कुणी नाव विचारत नसे, नाच बघत.

लिंडी हॉप, म्हणजे स्विंग ह्या जॅझच्या प्रकारावरचा जोडीचा नाच, इथे घडला. ह्याचा गाभा म्हणजे स्विंगआउट: आठ मात्रांत जोडी जवळ येते, फिरते आणि हातभर लांब फेकली जाते. त्या लांब गेलेल्या क्षणी दोघांनाही आपापलं काही तरी करायची मोकळीक असते. जोडीचा नाच आणि एकट्याचा नाच ह्यांचा असा मेळ मला दुसरीकडे सापडलेला नाही. १९३५ मध्ये तिथल्या फ्रँकी मॅनिंग ह्या नर्तकानं जोडीदारणीला पाठीवरून उलटं फिरवून जमिनीवर आणलं, आणि नाच हवेत गेला.

स्विंग ओसरल्यावर मॅनिंगनं टपाल खात्यात नोकरी धरली आणि ती अनेक वर्षं केली. १९८० च्या दशकात अमेरिका, ब्रिटन आणि स्वीडनमधल्या तरुणांनी जुन्या चित्रफितींमधून लिंडी हॉप शिकायचा प्रयत्न सुरू केला आणि त्यांतले काही जण शोधत शोधत ह्या टपाल कर्मचाऱ्यापर्यंत पोचले. त्यानंतर तो जगभर शिकवत फिरला आणि २००९ मध्ये, पंच्याण्णवावं वर्ष पुरं व्हायला महिनाच राहिला असताना वारला. आज स्वीडनमधल्या हेरँग गावी दर उन्हाळ्यात लिंडी हॉपचं मोठं शिबिर भरतं.

मुलं हे का शिकतात? मी विचारते तेव्हा उत्तर साधं येतं: फोन खिशात ठेवून दुसऱ्या माणसाबरोबर काही तरी करायला मिळतं म्हणून.

नवा नाच नेमका सुरू कुठून होतो?

जवळजवळ प्रत्येक वेळी पैसा नसलेल्या, समाजानं बाजूला ठेवलेल्या लोकांकडून. टँगो ब्यूनॉस आयर्स आणि माँटेव्हिडिओच्या गरीब वस्त्यांतला. लिंडी हॉप हार्लेमचा. गाण्यांचंही तसंच: 'हाउंड डॉग' हे गाणं कृष्णवर्णीय गायिका बिग मामा थॉर्नटन हिनं १९५२ मध्ये मुद्रित केलं आणि १९५६ मध्ये ते एल्व्हिसच्या नावावर जगभर गेलं. ट्विस्टचं वर आलंच आहे. व्होगिंग, म्हणजे फॅशन मॉडेलसारख्या पोझ घेत केलेला नाच, हार्लेममधल्या काळ्या आणि लॅटिन समलिंगी व ट्रान्स लोकांच्या बॉल स्पर्धांत घडलं. १९९० मध्ये मॅडोनाच्या गाण्यामुळे ते घराघरांत दिसलं, पण ते वर्षानुवर्षं जगणाऱ्यांची नावं फार थोड्यांना माहीत झाली.

म्हणून माझी विनंती आहे: कुठलीही स्टेप शिकलात की ती कुणाकडून आली तेही विचारा. माझ्या वर्गात ते सांगितल्याशिवाय पुढची स्टेप होत नाही. थोडा वेळ जातो, जाऊ दे.

डिस्को इतका बदनाम का झाला?

लोक त्याला विटले होते हे अर्धं कारण. १९७७ नंतर सगळेच जण डिस्को काढू लागले आणि त्यातलं बरंच सुमार होतं. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटानं उडवली, प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना खेळताच आला नाही. डिस्को हे मुळात काळ्या, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या क्लबांतलं संगीत होतं. त्या रागात हा भागही होता, असं तेव्हापासून अनेकांनी सांगितलं आहे आणि मलाही तसंच वाटतं.

डिस्को मेला मात्र नाही. त्याच शिकागोत 'वेअरहाउस' क्लबमध्ये फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवत होता आणि तिथून हाउस संगीत उभं राहिलं. मिनिटाला १२० च्या आसपास ठोके, चारही मात्रांवर सारखा ड्रम. आजही क्लबात गेलात तर पायाखाली तोच ठेका असतो.

ब्रेकडान्स हा मुळात टीव्हीवरचा प्रकार ना?

नाही, तो घरगुती पार्टीतला आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये १५२० सेजविक अॅव्हेन्यू ह्या इमारतीत बहिणीच्या पार्टीला कूल हर्क ह्या जमैकन मुलानं तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख धरतात. त्याच्या लक्षात आलं होतं, की गाण्यातला गायन थांबून फक्त ड्रम वाजतो तो तुकडा, म्हणजे ब्रेक, आला की लोक सर्वांत जास्त नाचतात. पण तो काही सेकंदांतच संपतो. म्हणून तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलवर लावून ब्रेक लांबवू लागला: एकीवरचा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल.

नाचणाऱ्यांकडे बघून गाणं कापणं आणि जोडणं, ही ह्यातली खरी नवी गोष्ट. पुढचं अर्धं पॉप संगीत ह्या एका युक्तीवर उभं आहे. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगचा समावेश झाला. जपानची आमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड ह्यांनी सुवर्णपदकं घेतली.

मूनवॉक मायकेल जॅक्सननं शोधला का?

नाही. टॅप नर्तक बिल बेली त्याच्या कितीतरी आधी तसा मागे घसरत असे आणि जेफ्री डॅनियलनं १९८२ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर तो केला होता. मायकेलनं तो १९८३ मध्ये मोटाउन ह्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमात केला, काही सेकंदच, पण अशा जागी की जगानं श्वास रोखला.

करून बघायचा असेल तर मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभे राहा. उजव्या पायाची टाच उचला, सगळं वजन उजव्या चवड्यावर. डावा पाय पूर्ण सपाट, बिनवजनाचा, तो मागे सरकवा. आता एकाच क्षणी उजवी टाच खाली आणि डावी वर. वजन बदललं. आता उजवा मागे. बहुतेकांचं चुकतं ते इथे, की सरकणाऱ्या पायावर वजन राहतं.

रीलवरचे नाच हा नाच आहे का?

आहे. ज्या चौकटीत राहायचं त्या चौकटीचा नाच आहे. फोन उभा असतो, त्यामुळे बाजूला जायला जागा नाही. म्हणून पाय जागच्या जागी आणि हात, खांदे, चेहरा ह्यांवर सगळं काम. पंधरा सेकंदांत संपायचं, म्हणून प्रत्येक शब्दाला एक हावभाव. पुन्हा पुन्हा करता यावं म्हणून पावलं सोपी. १९९६ मध्ये 'माकारेना' बिलबोर्डच्या यादीत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, तेही हातांच्या सोप्या हालचालींवरच. २०१२ मध्ये 'गंगनम स्टाइल' हा यूट्यूबवर शंभर कोटी वेळा बघितला गेलेला पहिला व्हिडिओ ठरला, तेव्हाही सगळं जग एकच स्टेप करत होतं.

मला खटकतं ते दुसरंच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीनं बसवलेला नाच टिकटॉकवर लाखोंनी केला आणि तिचं नाव कुणीच घेतलं नाही. पुढच्या वर्षी वर्तमानपत्रानं तिची गोष्ट छापली, तेव्हा कुठे श्रेय मिळालं. हँक बॅलर्डच्या काळी निदान तबकडीवर गीतकाराचं नाव छापावं लागे.

साठीनंतर नवी शैली शिकायला घेतली तर जमेल का?

जमेल. आधी गुडघे आणि कंबरेबद्दल डॉक्टरांना विचारा. मग ठेका शोधा: रॉकपासून हिप-हॉपपर्यंत टाळी चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. ते अंगात आलं की निम्मं काम झालं. हाउस किंवा हिप-हॉपची साधी पावलं लिंडी हॉपच्या उड्यांपेक्षा शरीराला सोसतात. जमिनीवर लोळण घ्यायची कुणी सक्ती करत नाही.

तिन्ही पिढ्या एकत्र नाचतील असा कार्यक्रम ठरवायचा आहे. गाणी कशी निवडू?

मिनिटाला १०० ते १२० ठोक्यांच्या आसपासची गाणी जास्त ठेवा. त्या वेगात चालता येतं, म्हणजे नाचताही येतं. एका पिढीची सलग दहा गाणी लावू नका, बाकीचे बसतात आणि बसलेली माणसं उठत नाहीत. तीन जुनी, तीन नवी असं फिरवत राहा. मधे एखादा रांगेतला नाच ठेवा, ज्यात पुढे उभी असलेली व्यक्ती स्टेप दाखवते आणि बाकीचे करतात. पुढे एकदा नातीला उभं करा, एकदा आजीला. रीलवरची एखादी स्टेप मोठ्यांना शिकवायचं काम मुलांवर सोपवा आणि बदल्यात ट्विस्ट मोठ्यांनी शिकवावा.

आवाज मात्र बेतानं ठेवा. स्पीकर जमिनीच्या दिशेला वळवा आणि खुर्च्या त्यापासून लांब मांडा, म्हणजे ज्यांना नुसतं बघायचं आणि बोलायचं आहे त्यांनाही तिथे थांबता येईल.